चालू सर्व्हरमधून पार्ट काढताना या चुका टाळा

पुढचा दिवा विझला म्हणजे सर्व्हर बंद झाला, असं समजून झाकण उघडू नका. शटडाउन झाल्यावरही विजेची केबल लावलेली असेल तर मदरबोर्डवर स्टँडबाय करंट चालूच असतो. आयलो किंवा आयड्रॅक, म्हणजे सर्व्हर लांबून सांभाळायची आतली छोटी यंत्रणा (एचपीची आयलो, डेलची आयड्रॅक), त्याच्याच जोरावर जागं असतं. रॅम काढायची असेल तर केबल काढावीच लागते, आणि पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्हींची. मदरबोर्डवरचा बारीक दिवा विझेपर्यंत थांबा, मगच हात घाला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते डिस्क काढताना. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक गट, त्यालाच अ‍ॅरे म्हणतात. त्यातल्या रेड ५ या प्रकारात एक डिस्क गेली तरी काम चालतं. पण ती बदलताना घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली की अख्खा अ‍ॅरे बसतो. ही गफलत कशी होते ते बघा. कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, बऱ्याचदा स्लॉट शून्यापासून मोजतो आणि आपण एकपासून. लिनक्समधलं डिस्कचं एसडीबी, एसडीसी हे नाव तर रीबूटनंतर बदलूही शकतं. त्यामुळे नावावर जाऊ नका. सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या, लोकेट दिवा (डिस्क कुठली ते दाखवणारा) लावा, आणि डिस्क बाहेर आल्यावर लेबलवरचा नंबर पुन्हा जुळवा.

एमडीएडीएम, म्हणजे लिनक्समधलं सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी कमांड, वापरत असाल तर आधी डिस्क फेल म्हणून नोंदवा, मग रिमूव्ह. चालू डिस्क रिमूव्ह करायला गेलात तर ते ‘बिझी’ म्हणून अडवतं. पण साध्या माउंट केलेल्या (वापरात जोडलेल्या) डिस्कला सिस्टीममधून डिलीट करताना, म्हणजे तिची नोंद काढताना, लिनक्स अडवत नाही, मागाहून आयओ एररचा (वाचण्या-लिहिण्यातल्या चुकांचा) पाऊस पडतो. म्हणून अनमाउंट आधी, डिलीट नंतर. मग ट्रे बोटभर बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा. तबकड्या फिरत असताना डिस्क तिरकी केली तर हेड घासू शकतं.

चुकीची डिस्क निघालीच तर घाबरून इनिशियलाइज (डिस्क नव्याने कोरी करणं) किंवा नवा अ‍ॅरे करू नका. परत लावल्यावर हार्डवेअर रेड तिला ‘फॉरेन’, म्हणजे परकी, दाखवू शकतं. तिथे क्लिअर दाबलंत तर तिच्यावरची रेडची माहिती पुसली जाते. आधी अ‍ॅरेची स्थिती लिहून काढा, बॅकअप तपासा, मग इम्पोर्टचा, म्हणजे तिच्यावरची रेडची माहिती परत स्वीकारण्याचा, विचार करा.

पीसीआयई हॉटप्लग स्लॉटला (सर्व्हर चालू असताना कार्ड काढता येणारी जागा) बटण असेल तर ते दाबल्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. पहिल्या पाच सेकंदांत पुन्हा दाबलं तर काढणं रद्द होतं. दिवा पूर्ण विझल्याशिवाय कार्ड ओढू नका. नेटवर्क कार्ड असेल तर आधी ट्रॅफिक दुसऱ्या पोर्टवर गेलाय का ते बघा.

सर्व्हर अडकला की पॉवर बटण चार सेकंद दाबून धरायची सवय अनेकांना असते. त्याने वीज सरळ तुटते, रॅममधलं अजून न लिहिलेलं सगळं जातं. आधी आयलो किंवा आयड्रॅकमधून सॉफ्ट शटडाउन द्या आणि कन्सोल उघडा ठेवा. मोठा डेटाबेस बंद व्हायला काही मिनिटं घेतो आणि स्क्रीनवर तेवढा वेळ काहीच हलत नाही. तेव्हा डिस्कचा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर बटणावरचा हात काढा.