वाय-फाय वाढवताना बँड निवडताय? या चुका टाळा

रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत घरोघरी नेटवर्क बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. मला बोलावणे येते ते बहुधा उशिरा, म्हणजे रिपीटर किंवा मेशचे डबे (राउटरचा सिग्नल लांबच्या खोल्यांत पोहोचवणारी यंत्रे) विकत आणून, घाईघाईने सॉकेटला लावून आणि पंधरा दिवस वैताग सोसून झाल्यावर. यंत्र वाईट निघाले अशी तक्रार असते, पण यंत्र क्वचितच वाईट असते. वाय-फायच्या लहरींच्या दोन पट्ट्या, म्हणजे बँड, असतात. त्यांतला २.४ गिगाहर्ट्झ घ्यावा की ५ गिगाहर्ट्झ, हा निर्णय खोक्यावर छापलेल्या वेगाकडे पाहून घेतलेला असतो. वास्तविक तो दोन डब्यांच्या मध्ये काय उभे आहे हे पाहून घ्यायचा असतो.

चुकांकडे वळण्याआधी दोन्ही बँडचा स्वभाव सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही कमी. लहर आखूड झाली की अँटेनाही आखूड होतो आणि त्याला सापडणारी शक्तीही घटते. त्यामुळे मध्ये एकही भिंत नसताना, तेवढ्याच अंतरावर, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या तुलनेत साधारण पाचव्या हिश्शाएवढाच पोहोचतो. भिंतीची घट त्याखेरीज वेगळी. याउलट २.४ मध्ये जागा फारच अरुंद आहे. २००५ मध्ये आपल्याकडे परवान्याविना खुली झालेली ही पट्टी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झची असून तीत एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनल, म्हणजे पट्टीचे तुकडे, बसतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. थोडक्यात, एक बँड लांब जातो पण गर्दीत सापडतो आणि दुसरा मोकळा आहे पण भिंतीपाशी अडतो.

दोन दुव्यांना एक समजणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहतो आणि तिच्यामुळे लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून ती सविस्तर सांगतो. नेटवर्क वाढवले की घरात दोन वेगळे दुवे तयार होतात. पहिला मुख्य राउटरपासून दुसऱ्या डब्यापर्यंत आणि दुसरा त्या डब्यापासून तुमच्या फोनपर्यंत. फोनवर दिसणाऱ्या रेघा फक्त दुसऱ्या दुव्याची हकिकत सांगतात. डबा शेजारी ठेवला की रेघा भरणारच, पण त्या डब्याला मागून काय मिळते आहे, हे त्यांना ठाऊक नसते. तरीही "रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही" हे वाक्य ऐकले नाही असा महिना जात नाही.

काही वर्षांपूर्वी एका जांभ्याच्या घरात मला जुलैच्या ऐन पावसात जावे लागले. ओटी, माजघर आणि मागची पडवी अशी जुनी रचना होती. पडवी बंदिस्त करून तिथे मुलीने कामाची खोली केली होती आणि ती पुण्यातल्या कंपनीचे काम घरून करत असे. फायबरची तार पुढून आल्यामुळे राउटर ओटीवर होता. मध्ये सव्वा फूट जाडीच्या दोन भिंती आणि माजघरातल्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट होते. तिच्या वडिलांनी मार्चमध्ये दोन बँडांच्या मेशची जोडी आणली, दुसरा डबा थेट पडवीतल्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही डब्यांमधला दुवा ५ गिगाहर्ट्झवर कायम केला, कारण खोक्यावर त्याच बँडसमोर मोठा आकडा होता. उन्हाळाभर सगळे कसेबसे चालले. पाऊस लागला आणि व्हिडिओ कॉल दर पाच मिनिटांनी तुटू लागले.

"दादा, मार्चमध्ये हेच यंत्र चालत होतं. आता बिघडलंय, दुसरं काय!" काका मला दारातच म्हणाले. तिसरा डबाही त्यांनी मागवून ठेवला होता.

मी आधी काहीच हलवले नाही, फक्त मोजले. दारे उघडी असताना पडवीत मुख्य राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६९ डीबीएम होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार, आणि बोलण्याच्या किंवा व्हिडिओच्या कामाला उणे ६७ पेक्षा खाली जाऊ नये असा माझा दंडक आहे. पावसाच्या झडीमुळे माजघराची दोन्ही दारे दिवसभर बंद असत, म्हणून ती बंद करून पुन्हा मोजले, तर आकडा उणे ८१ वर गेला. उन्हाळ्यात जो सिग्नल उघड्या दारांतून वाट काढत होता, त्याला आता जांभ्यातून जावे लागत होते, आणि सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी धरून बसतो. ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी अधिक शोषते. शंभर एमबीपीएसच्या जोडणीतून पडवीत सहा-सात एमबीपीएस पोहोचत होते आणि तेही अखंड नव्हते.

तिसरा डबा मी उघडू दिला नाही. दुसरा डबा पडवीतून उचलून माजघरात, कपाटाची आड येणार नाही अशा कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. आता पहिल्या दुव्याच्या वाटेत एकच भिंत राहिली आणि दारे बंद असतानाही उणे ६१ मिळाले, म्हणून हा दुवा ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला. पडवीतला लॅपटॉप मात्र मी २.४ वर आणला. त्याला ५ वर उणे ७२ मिळत होते आणि २.४ वर उणे ६०. आसपास शेजाऱ्याचे एकही वाय-फाय नसल्याने तो बँड अगदी स्वच्छ होता. मुलीला तिथे पंचेचाळीस एमबीपीएस मिळू लागले, आणि व्हिडिओ कॉलला त्याच्या दहाव्या हिश्शानेही भागते.

या मांडणीत आणखी एक लाभ होता. डब्याने ज्या चॅनलवर माहिती घ्यायची त्याच चॅनलवर पुढे द्यायची असेल, तर त्याला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही, आणि वेग जवळजवळ निम्मा होतो. घेणे ५ वर आणि देणे २.४ वर केले की ही निम्मी घट टळते. म्हणून गावाकडच्या सुट्या घरात माझा पहिला प्रयत्न याच जोडणीचा असतो. महागड्या मेशमध्ये डब्यांमधल्या दुव्यासाठी ५ गिगाहर्ट्झचा वेगळा तिसरा रेडिओ (लहरी पाठवणारा आणि घेणारा भाग) असतो, तो असेल तर ही ओढाताण राहत नाही, पण भिंत तिथेही तीच असते.

अंधाऱ्या खोलीत डबा ठेवला की खोली उजळेल, ही समजूत सोडून द्या. जिथे सिग्नल अजून दमदार आहे तिथे डबा ठेवायचा असतो आणि तिथून तो अंधाऱ्या खोलीकडे पोहोचवायचा असतो. मी घराचा कच्चा नकाशा वहीच्या पानावर काढतो, सगळी दारे बंद करायला सांगतो आणि फोन छातीशी धरून खोली-खोलीत दोन्ही बँडचे आकडे पेन्सिलीने लिहितो. अँड्रॉइड फोनवर हे आकडे दाखवणारी मोफत ॲप आहेत. या कामाला वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे द्यायची तयारी नसलेल्या माणसाने डब्यांवर पाच-सात हजार रुपये घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लॅटमध्ये गावाकडचा उपाय

वरची गोष्ट वाचून कोणी ठाण्याच्या किंवा पिंपरीच्या फ्लॅटमध्ये २.४ वर विसंबून बसू नये. तिथे अडचण उलटी असते. एका नातेवाइकाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी फोन उघडला तेव्हा २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीसच्या वर नावे दिसली. भाच्याने ॲपमधला आलेख पाहून चॅनल ४ "रिकामे" म्हणून निवडले होते, शिवाय वेग वाढेल म्हणून चॅनलची रुंदी २० वरून ४० मेगाहर्ट्झ केली होती. घाईत सापडलेला हा उपाय सर्वांत घातक आहे. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे समजतात आणि पाळी लावून बोलतात. चॅनल ४ वरचा राउटर मात्र १ आणि ६ अशा दोन्हींवर अर्धामुर्धा चढतो. तिथल्यांचे बोलणे त्याला नीट कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि त्याचे बोलणे त्यांना गोंगाटासारखे लागते. ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेतली की अर्धी पट्टी एकाच घराने व्यापली. स्वतःचे काम होत नाहीच, शेजाऱ्याचेही बिघडते.

मी १, ६ आणि ११ सोडून दुसरे कोणतेही चॅनल कधी लावत नाही आणि २.४ वर रुंदी २० च ठेवतो. त्या फ्लॅटमध्ये फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर नेले. काँक्रीटची जी भिंत ५ ला अडवते, तीच शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झही बाहेर ठेवते, म्हणून दाट वस्तीत भिंत आपल्या बाजूची असते. दुसरा डबा लागलाच, तर पॅसेजमध्ये, दोन्ही खोल्यांची दारे दिसतील असा ठेवावा. न्हाणीघराची टाइल लावलेली भिंत, आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी या चार गोष्टींच्या मागे तो कधीही ठेवू नये.

ज्या चुकांना एक-दोन ओळी पुरतात

राउटरची ताकद कमाल करून प्रश्न सुटत नाही, कारण फोनचा आवाज तेवढाच राहतो. राउटरचे म्हणणे फोनला ऐकू येते, पण फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नाही.

वाय-फायवर चालणारे बल्ब, प्लग आणि कॅमेरे बहुतेक २.४ च ओळखतात. ते जोडताना अडले, तर थोडा वेळ ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवून जोडणी पूर्ण करावी आणि मग तो पुन्हा सुरू करावा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ च्याच पट्टीत काम करतो. स्वयंपाकघराला लागून बसणाऱ्याचा कॉल जेवणाच्या वेळीच तुटत असेल, तर शोध तिथून सुरू करा. राउटरच्या पाठीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क टेकवून ठेवल्यानेही २.४ वर गोंगाट वाढतो. ती लांब वायरने दूर न्यावी.

५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५२ पासून १४४ पर्यंतचा भाग रडारसोबत वाटून घेतलेला आहे. तिथे राउटर बोलण्याआधी निदान एक मिनिट ऐकतो आणि रडार जाणवले तर चॅनल सोडतो. डब्यांमधला दुवा अचानक तुटून मिनिटभराने परत येत असेल, तर मी तो ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढे नेतो.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या काही फोन आणि लॅपटॉपना २.४ वरची १२ आणि १३ ही चॅनल दिसतच नाहीत, कारण तिथे वापर ११ पर्यंतच आहे. घरात सगळ्यांना नेट मिळते आणि पाहुण्यांना मिळत नाही, तेव्हा हे आधी पाहावे.

दोन्ही बँडना एकच नाव द्यावे की वेगळे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी तपासणीपुरती नावे वेगळी करतो, म्हणजे फोन कुठे आहे याचा संशय राहत नाही, आणि काम संपले की मोठ्या माणसांच्या सोयीसाठी नाव एकच ठेवतो. अँटेनामागे ॲल्युमिनियमची पन्नी लावण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तरी करू नका. एका बाजूला थोडे वाढते, दुसऱ्या बाजूची खोली पूर्ण बुडते आणि पुढचे सगळे मोजमाप खोटे ठरते.

वायर टाळण्यासाठी बँड शोधत राहणे

घराचे रंगकाम किंवा लाइटफिटिंग चालू असताना लोक मला विचारतात की कोणता बँड घेतला म्हणजे वायर टाकावी लागणार नाही. माझे उत्तर ठरलेले आहे. पाइप टाकला जातच आहे, तर त्यातून नेटवर्कची केबल न्या. जाड भिंतीतून दोन डब्यांमधला दुवा चालवण्याच्या बाबतीत दहा मीटर केबलची बरोबरी कोणताही बँड करत नाही. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ ही पट्टी खुली करण्याचा मसुदा काढला, तेव्हापासून अनेकजण ६ गिगाहर्ट्झची वाट पाहत थांबले. तो बँड जागेने प्रशस्त आहे, पण भिंतीपुढे तो ५ पेक्षाही थोडा दुबळाच पडतो.

केबल तांब्याची, कॅट ६ घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका. विजेच्या वायरच्या पाइपमधून ती ओढू नका, तिला वेगळा पाइप द्या. टोकांना प्लग बसवताना आठही तारा जोडून घ्या, कारण काही कारागीर चारच जोडतात आणि मग दुवा शंभर एमबीपीएसवर अडतो. काम संपल्यावर त्याला पैसे देण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचा (केबल लावलेल्या खाचेचा) वेग पाहा. तिथे १००० दिसले पाहिजे. १०० दिसले, तर दोन्ही टोकांचे प्लग कापून त्याच्याकडून तुमच्यासमोर नवे बसवून घ्या.