फेरेटचं पोट सुटलंय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आमचा बंड्या फेरेट आहे, म्हणजे मुंगसागत दिसणारा पाळीव प्राणी, साडेचार वर्षांचा नर. गल्लीत निम्म्या लोकांना तो अजून मुंगूसच वाटतोय. दिवाळीच्या तोंडावर त्याचं वजन १२०० ग्रॅमवरनं दीड किलोला गेलं आणि आमच्या घरात सगळे खूश, आई तर म्हणायची लेकरू आता खात्यापित्या घरचं दिसाय लागलंय. इथंच माती खाल्ली.

थंडीच्या तोंडावर फेरेट जाड होतात हे खरं, दिवस लहान झाले की चरबी धरतात आणि पुढं उतरतात, त्यामुळं मलापण वाटलं हे तेच. पण चरबी चढली की मानेवर, खांद्यावर सगळीकडं चढते ओ. बंड्याचं पोट भोपळ्यागत आणि पाठीवरनं हात फिरवला तर मणके मोजता येत होते, म्हणजे अंग झडत होतं आणि वजन वाढत होतं, काट्याला काय कळतंय चरबी आहे का पाणी. असं पोट दिसलं तर आत पाणी, सुजलेली प्लीहा, गाठ काहीपण असू शकतं. शेपटीकडनं केस गळत असतील तर मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीचा आजार असू शकतो, आणि नर लघवीला कुंथत असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या.

दुसरी चूक म्हणजे डाएट. मी शहाण्यानं रात्रीचं खाणं बंद केलं. फेरेटच्या पोटातनं खाल्लेलं तीन-चार तासात बाहेर पडतं, रात्रभर उपाशी ठेवायचा हा प्राणीच नव्हे. सकाळी बघतोय तर मागचे पाय फरफटत होता, लाळ गळतीय, तोंडाला पंजा घासतोय, नजर भिंतीवर. आईनं घाईनं बोटावर गूळपाणी चाटवलं आणि पाच मिनिटात गडी उठून पळाय लागला! मग काय, कोल्हापूरचा गूळ, रोज खडा सुरू. ही सगळ्यात मोठी चूक.

कारण रक्तातली साखर तपासली तर ५४ निघाली, म्हणजे लै कमी. स्वादुपिंडात इन्सुलिन जास्त सोडणारी गाठ असते, इन्सुलिनोमा म्हणतात, या वयाच्या फेरेटला लै कॉमन. गोड दिलं की गाठ अजून इन्सुलिन सोडते आणि साखर आधीपेक्षा खाली जाते. पिल्लू कोसळलं तरच हिरड्यांना जरासा मध चोळा, तोंडात ओतू नका, दातात बोट देऊ नका, शुद्धीवर आलं की मांस खायला द्या आणि डॉक्टर गाठा. एरवी चिकन, अंडं, मांसाचं कॅट फूड, थोडं थोडं दिवसातनं बऱ्याच वेळा. बिस्किट, फळं नकोत, आणि प्रेमानं पांढरा रस्सा तर अजिबात नको, त्यात कांदा-लसूण असतंय.

साखरेचं निदान झालं म्हणून मी थांबणार होतो, पण पोटाचं कोडं सुटलंच नव्हतं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि हृदय मोठं झालेलं दिसलं. फेरेटला एकावेळी दोन-दोन आजार असतात, आणि साखरेसाठी देतात त्या स्टेरॉइडनं अंगात पाणी धरू शकतं, म्हणून डॉक्टरला सगळं एकदमच सांगा. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनपण देऊ नका, विष आहे ते.

आपल्याकडं गाई-म्हशी-कुत्री बघणारे डॉक्टर ढीगभर, फेरेट बघणारा शोधावा लागतो, आधी फोन करून विचारा. हायवेला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथंपण विचारून बघता येईल. नेताना दुपार टाळा, ३० डिग्रीच्या वर गेलं की फेरेटला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

आता रोज रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून बंड्याला त्यात बसवतो, आकडा वहीत लिहितो, झोपला की मिनिटाचे श्वास मोजतो, ३५ च्या आसपास असले की बरं. काल १२९० ग्रॅम भरला, परातीसकट नव्हे.