हिमनदीजवळची एका दिवसाची भटकंती: या चुका टाळा

सकाळी आठला जो ओढा मी दगडांवरून उड्या मारत बूटही न भिजवता ओलांडला, तोच दुपारी साडेतीनला गुडघ्याला लागत होता. पाऊस नव्हता, आभाळ लख्ख होतं. घोळ उन्हानेच केला होता. ऊन चढतं तशी हिमनदी वितळत जाते आणि दुपार कलल्यावर ओढे फुगतात. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पुडीने पाणी दुधट होतं, त्यामुळे तळ दिसत नाही. मी काठी रोवून पाहिली, तर आत दगड गडगडत वाहत असल्याचं हाताला जाणवलं. निमूट मागे फिरलो आणि पाणी चार धारांत फुटतं ती रुंद जागा शोधत तासभर चाललो. अरुंद जागा सोपी वाटते, पण ओढ तिथेच जास्त असते. परतीच्या वाटेवर असा ओढा असेल तर सगळं वेळापत्रक त्याच्यावरून आखा.

बहुतेक जण मात्र किलोमीटरवरून आखतात. ‘बाराच तर आहेत!’ विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास, तेही न थांबता. फोटो, डबा, धापा वेगळ्या. परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा. शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी ती पाळा. (ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात.)

‘दोनच पावलं’ म्हणून बर्फावर जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भेगांवर ताज्या हिमाचं झाकण असतं, वरून सपाट मैदान दिसतं. दोर आणि जाणकार वाटाड्या नसेल तर काठावरूनच बघा. हिमनदीच्या तोंडाशी, बर्फाच्या कड्याखाली फोटोला उभं राहू नका. तुकडा सुटताना आधी सांगत नाही.

थंडी वाजतेय म्हणून सनस्क्रीन टाळणारे संध्याकाळी लालबुंद होतात. ताजं हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतं, म्हणून नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा. बाजूंनी बंद गॉगल हवाच. डोळे भाजल्याचं काही तासांनी कळतं, वाळू गेल्यासारखे खुपतात.

सुती बनियन घामाने भिजून अंगाला थंड चिकटतो, तो नको. रोपवेने थेट २५०० मीटरच्या वर पोचलात आणि डोकं दुखून मळमळायला लागलं, तर चढणं थांबवा. त्रास वाढला तर खाली उतरा.

फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. शिट्टी मात्र बाहेर, हाताशी. अडकलात तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तर कुणीतरी उत्तर देतंय.