सर्व्हिक्सचे दुर्मिळ कॅन्सर: नवीन रेसिडेंट्ससाठी थोडं अनुभवाचं

गायनॅक ऑन्कोला, म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरच्या विभागात, नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. सर्व्हिक्सचा (गर्भाशयाच्या तोंडाचा) नेहमीचा स्क्वॅमस कॅन्सर, स्टेजिंग (कॅन्सर किती पसरलाय ते ठरवणं) तुम्हाला येतंच. मला सगळ्यात जास्त छळलं ते गॅस्ट्रिक टाइप अॅडेनोकार्सिनोमाने (जठराच्या ग्रंथींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा सर्व्हिक्सचा कॅन्सर), म्हणून त्यावरच जास्त बोलते.

बाई येते, म्हणते मॅडम अंगावरून नुसतं पाणी जातंय, पॅड पुरत नाहीत. पॅप (सर्व्हिक्सच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, एचपीव्ही (सर्व्हिक्सचे बहुतेक कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतात तो) निगेटिव्ह, मग इन्फेक्शनच्या गोळ्या. आमच्याकडे अशी एक आली तेव्हा बाहेर बायोप्सीही झालेली, रिपोर्ट बिनाइन ग्लँड्स, म्हणजे कॅन्सर नसलेल्या ग्रंथी. इथेच भलेभले फसतात. हा कॅन्सर एचपीव्हीमुळे होतच नाही, मग टेस्ट निगेटिव्हच येणार ना! पी16 (एचपीव्हीची खूण दाखवणारं स्टेन) पण बहुतेकदा निगेटिव्ह. डब्ल्यूएचओने 2020 मध्ये एचपीव्हीवाले आणि बिनाएचपीव्हीवाले असे गट वेगळे केले ते उगाच नाही. हा सुरू होतो बऱ्याचदा वर कॅनलमध्ये, म्हणजे सर्व्हिक्सच्या आतल्या नळीत, स्पेक्युलम घातलं तरी गर्भाशयाचं तोंड साधंच दिसू शकतं, आणि काही केसेसमध्ये पेशी इतक्या साध्या दिसतात की वरवरच्या तुकड्यात कळत नाही, कारण ग्लँड्स किती खोल घुसल्यात तेच बघायचं असतं आणि तेवढी खोली त्या तुकड्यात नसतेच. त्यामुळे लक्षणं आणि रिपोर्ट जुळत नसतील तर एमआरआय करा, खोल बायोप्सी किंवा कोन (सर्व्हिक्सचा शंकूसारखा तुकडा) घ्या. ओठांवर काळे ठिपके आहेत का तेही बघा, प्यूट्झ-जेघर्स या आनुवंशिक आजाराशी याचं नातं आहे.

फॉर्मवर नुसतं "सीए सर्व्हिक्स?" खरडून पाठवू नका. पॅथॉलॉजिस्टला फोन करा, पाणी जातंय हे सांगा, जमलं तर शेजारी बसून स्लाइड बघा. माझं स्पष्ट मत आहे, अॅपवरच्या नोट्सपेक्षा शिकवायला तयार असलेला एक पॅथॉलॉजिस्ट जास्त कामाचा.

ट्रीटमेंटमध्ये शॉर्टकट मारू नका. केमोरेडिएशन (केमो आणि रेडिएशन एकत्र) निओअॅडज्युव्हंटपेक्षा (आधी केमो, मग ऑपरेशन) चांगलं हे दाखवणारा टाटाचा 2018 चा ट्रायल सगळ्यांना पाठ असतो, पण तो स्क्वॅमसवर होता. गॅस्ट्रिक टाइप केमो-रेडिएशनला फारशी दाद देत नाही, म्हणून ऑपरेशन शक्य असेल तर ते आधी बघतात, आणि ओव्हरी, ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा), पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) यांच्याकडे लक्ष ठेवतात.

स्मॉल सेल हा सर्व्हिक्सचा दुसरा दुर्मिळ कॅन्सर याच्या अगदी उलट, बहुतेकदा एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण लवकर लांब पसरतो, त्यामुळे पेट स्कॅन आणि इटोपोसाइड-प्लॅटिनम केमो, उगाच आठवडे घालवू नका. टीटीएफ1 (फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी बघतात तो मार्कर) पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच फुफ्फुसातून आलाय म्हणू नका, सर्व्हिक्सचाही येतो.

हे वाचून घाबरू नका. अशा केसेस कमीच येतात, पहिल्या झटक्यात ओळखता आली नाही तर तुम्ही कमी हुशार असं काही नाही, ट्यूमर बोर्डात (डॉक्टरांच्या केस-चर्चेत) सीनियर्सचंही एकमत होत नाही. मोठ्या सेंटरला सेकंड ओपिनियनला पाठवताना मात्र स्लाइड्सबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) द्या, नाहीतर स्टेनिंगसाठी त्या बाईला पुन्हा गावाहून एसटीने हेलपाटा मारावा लागतो.