पुतळ्याचे फोटो काढायच्या आधी मोजायचा टेप बाहेर काढा

दर्यापूरकडच्या आमच्या गावात हापशीजवळ गाडगेबाबांचा सिमेंटचा पुतळा होता, एका हातात खराटा, दुसऱ्यात गाडगं. नवीन बसवायचं ठरलं म्हणून जुन्याचे मी मोबाईलवर २४० फोटो काढले. फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे चहूबाजूंच्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवण्याचं बेसिक तुम्हाला माहीत असेलच, शेजारच्या फोटोंत ७० टक्के ओव्हरलॅप, एक्सपोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक, ढगाळ दिवस (ऑइल पेंटची चमक उन्हात आपल्यासोबत सरकते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं), खराट्याच्या काड्या तर नीट येतच नाहीत, त्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने कराव्या लागतात. हे सगळं केलं मी. माप घेतलं नाही.

इथे नीट ऐका राजेहो. नुसत्या फोटोंवरून घडण कळते, साईज कळत नाही. चौकातला पुतळा असो की शोकेसमधली मूर्ती, सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच. मेशरूम या सॉफ्टवेअरमधून मॉडेल छान निघालं, एआरमध्ये (फोनच्या कॅमेऱ्यातून मॉडेल समोरच्या जागेत उभं दिसतं ते) रिकाम्या चौथऱ्यावर ठेवलं तर बाबा घागरीएवढे! बोटांनी ताणून मोठं करता येतं, पण किती मोठं? तोवर जुना पुतळा फुटून ट्रॉलीत गेलेला. दोन रात्री झोप नव्हती मला.

हापशीनं वाचवलं. बऱ्याच फोटोंत ती मागे आली होती म्हणून मॉडेलमध्येही उतरली, तिची उंची टेपने मोजली आणि त्या हिशोबाने सगळं स्केल केलं. पण तुमच्या पुतळ्यामागे हापशी असेलच असं नाही. पुतळ्याच्या पायाशी दोन बाजूंना मीटरच्या दोन पट्ट्या ठेवा, शेवटच्या फोटोपर्यंत हलवू नका, एकीवरून स्केल करा, दुसरीवरून तपासा. अफगाणिस्तानातला बामियानचा मोठा बुद्ध २००१ साली उडवला, तरी झुरिकच्या संशोधकांना त्याचं मापात बसणारं मॉडेल करता आलं, कारण १९७० मध्ये मोजमापाच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो शिल्लक होते.

एका क्लिकमध्ये स्कॅन करून देणारी अ‍ॅप आणि वीकेंडचे कोर्स यांच्यावर पैसे घालू नका, स्पष्ट सांगतो. महागडा फोनही लागत नाही. पहिलं मॉडेल फाटकंतुटकं निघेल, सगळ्यांचंच निघतं, घाबरू नका, मूळ फोटो मात्र एकही डिलीट करायचा नाही. आणि गुरू करायचाच तर दरवर्षी पुतळा रंगवणाऱ्या पेंटरला करा. आमच्या पेंटरकाकांनी चौथऱ्यासमोर फोन धरला, बाबांच्या कानापाशी नेला आणि म्हणाले, "हा पाह्य, हा टवका म्याच बुजवला होता."