जुन्या फोटोचं साल काढताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे पणजोबा-पणजीचा एक फोटो आहे, मध्ये स्टुलावर उभं केलेलं पोरगं, आणि मागे शाईने लिहिलंय 'माघ १८५२'. काका कित्येक वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगायचे की हा सत्तावन्नच्या बंडाच्याही आधीचा फोटो आहे बरं का. आता मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीच निघाली १८५४ साली, मग त्याच्या दोन वर्षं आधी कोकणातल्या भिक्षुकाला कॅमेऱ्यासमोर कोणी बसवलं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ते १८५२ म्हणजे शके! शकात ७८ मिळवायचे, आणि तिथी जानेवारी ते गुढीपाडवा यामधली असेल तर ७९, म्हणजे आपला फोटो १९३१ चा. गुजराती-मारवाडी घरातला फोटो असेल तर तिथे संवत असतं, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. ही चूक मी इतक्या घरांत बघितलीय की फोटो हातात आला की आधी मागची बाजूच बघते.

दुसरी चूक म्हणजे दाखल्यावर डोळे झाकून विश्वास. ते स्टुलावरचं पोरगं म्हणजे आमचे आजोबा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२५, म्हणजे फोटोत साडेपाच वर्षांचे हवेत, पण पोरगं तर धड तीन-साडेतीनचं दिसतं. १ जून दिसला की समजून जायचं, मास्तरांनी शाळेत नाव घालताना अंदाजे टाकलेली तारीख. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधलं तर सप्टेंबर १९२७ निघालं, पण तिथे आजोबांचं नावच नाही, नुसतं बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा'. बारसं व्हायच्या आत नोंद झाली तर नाव येणार कुठून! त्यामुळे नोंदीत बाळाचं नाव शोधत बसू नका, बापाचं शोधा.

बायकांच्या बाबतीत तर अजून घोळ. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे मागे लिहिलेली 'गोदी' आणि सासरच्या कागदावरची 'लक्ष्मीबाई' एकच निघू शकते. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणजे एकाच नावाचे दोघं, मध्ये पन्नास वर्षं. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वह्या बघितल्या तर बाप-आजा-पणजा ओळीने मिळतात आणि हा गुंता बराच सुटतो.

कपड्यांवरून साल काढताना लोक हमखास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बघतात. अहो, आमची पणजी १९७० नंतरही नऊवारीच नेसायची! बघायचं ते तरुण सुनेकडे, पोरांच्या फ्रॉककडे, कडेवरच्या बाळाकडे. पुरुषाच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी असेल तर १९२० च्या आधीचा फोटो धरू नका, एवढं मात्र नक्की. आणि कोट-घड्याळावरून श्रीमंती ठरवू नका, ते स्टुडिओतलं असायचं.

शिक्क्याबद्दल एक सांगते. मागे स्टुडिओच्या पत्त्यात '४०० ००४' असा पिनकोड असेल तर ती प्रिंट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोडच तेव्हा आला. पण नुसतं 'बॉम्बे ४' असा पिनकोडच्या आधीचा टपाल विभागाचा नंबर असेल तर त्यावरून १९७२ च्या आधीचा असं छातीठोक म्हणता येत नाही, जुने शिक्के लोक वर्षानुवर्षं वापरत राहतात. शिवाय शिक्का प्रिंटचा काळ सांगतो, फोटो काढला कधी ते नाही. माणूस गेला की एखाद्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा करून घ्यायचे, वर ब्रशने कोटसुद्धा रंगवायचे, आणि तो हार घातलेला फोटो बघून आपण म्हणतो की हे आजोबांचं शेवटचं वय. तसं नसतं. मानेपाशी कडा चिकटवल्यासारखी दिसते का बघा.

चौकोनी, पांढऱ्या बॉर्डरचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातले, '१२०' नंबरच्या फिल्मच्या रोलवर आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात असे बारा फोटो निघायचे.

आणि हो, अ‍ॅपमध्ये टाकून चेहरा 'क्लिअर' करून मग ओळख पटवायला जाऊ नका, अ‍ॅप स्वतःच्या मनाने नाक-डोळे घालतं. मूळ फोटो पुढून-मागून दोन्हीकडून ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, चेहराच काचेवर राहतो, सरळ काचेसकट स्कॅन करा. नावं बॉलपेनने लिहू नका, दुसऱ्या बाजूला उमटतात, मऊ पेन्सिल घ्या, आणि साल लिहाल तेव्हा शके की इसवी तेवढं मात्र लिहा.