‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ : तक्रार एक, बिघाड अनेक

तांत्रिक साहाय्याच्या कामात मी नवखा होतो तेव्हा ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ अशी तक्रार आली की लगेच ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) काढून पुन्हा बसवत असे. कधी ते लागू पडे, बहुधा पडत नसे, आणि पडले तरी का पडले हे मला सांगता येत नसे. ‘दिसत नाही’ या शब्दांमागे पाच-सहा निरनिराळे बिघाड असू शकतात, हे उमगायला मला बराच काळ लागला.

यूएसबी उपकरण जोडल्यावर त्याला प्रथम पोर्टमधून वीज मिळते. मग संगणक त्याची ओळख विचारतो आणि ते आपल्या निर्मात्याचा व उत्पादनाचा क्रमांक कळवते. त्यानंतर ड्रायव्हर जोडला जातो, पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) वाचले जाते, फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) उघडते आणि विंडोजमध्ये त्याला ‘E:’ सारखे एक अक्षर मिळते. यांपैकी कोणत्या टप्प्यावर गाडी अडली, हे आधी ठरवावे.

केबलने जोडायची हार्ड डिस्क असेल, तर सुरुवात केबलपासून करावी. काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. त्यामुळे डिस्कवरचा दिवा लागतो, पण संगणकाला तिचा पत्ता नसतो. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर वीज अपुरी पडत असण्याची शक्यता तपासावी, कारण यूएसबी २.० च्या पोर्टवर ५०० आणि ३.० च्या पोर्टवर ९०० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह गृहीत धरलेला असतो, आणि स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर) तोही वाटला जातो. खात्रीची केबल आणि खात्रीचा पेनड्राइव्ह मी नेहमी जवळ बाळगतो. संशयित पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला आणि खात्रीचा या पोर्टला लावून पाहिला की दोष कोणत्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा कळते.

त्यानंतर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) आणि डिस्क मॅनेजमेंट (डिस्क व त्यांच्या पार्टिशनांची यादी) दोन्ही उघडावेत. पहिल्यात ‘कोड ४३’ हा त्रुटी क्रमांक दिसला, तर बहुधा ओळख पटण्याच्या टप्प्यावरच गडबड आहे, तेव्हा फाइल सिस्टिमकडे पाहण्यात अर्थ नाही. डिस्क दिसते पण अक्षर नाही, तर अक्षर देताच काम होते. ‘नो मीडिया’ असे आले, तर पेनड्राइव्हचा कंट्रोलर (त्याचे काम चालवणारी चिप) जिवंत आहे, पण आतल्या मेमरीशी त्याचा संपर्क तुटलेला असतो, आणि तिथे सॉफ्टवेअरचा उपाय सहसा चालत नाही. लिनक्सवर ‘डीमेसग’ या आज्ञेने दिसणाऱ्या यंत्रणेच्या नोंदी हीच माहिती अधिक स्पष्टपणे देतात.

सर्वांत जपायचे ते ‘फॉरमॅट करा’ असा प्रश्न आल्यावर. तो प्रश्न डिस्क बिघडली म्हणूनच येतो असे नाही. लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ या फाइल सिस्टिमची धडधाकट डिस्क लावली तरी विंडोज तेच विचारते. एकदा अशाच प्रसंगी मी फॉरमॅट टाळले, पण डिस्कची प्रत न घेता ‘चेकडिस्क’ हा विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला. ती आधीच निकामी होत चालली होती. ज्या फोल्डरांत ती डिस्क घेऊन आलेल्या गृहस्थांची अनेक वर्षांची कागदपत्रे होती, त्यांच्या जागी नावे हरवलेले ‘सीएचके’ तुकडे (चेकडिस्कने वाचवलेले फाइलींचे अवशेष) उरले. चेकडिस्क दुरुस्ती करताना त्याच डिस्कवर लिहिते, हे मला ठाऊक होते, तरी घाई नडली. तेव्हापासून डेटा मोलाचा असेल तर मी आधी ‘डीडीरेस्क्यू’ या बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण प्रत काढतो आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करतो, तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्नही हाच विचारतो, की यातल्या फाइली दुसरीकडे कुठे आहेत का.